जो बरो आणि एलएसयूचे चाहते: दोन हंगामांच्या आठवणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, बॅटन रूज या भागात शिकायला किंवा कामाला आलेल्या मराठी माणसाला एक अनुभव हमखास येतो. ऑफिसात, शेजारी, दुकानात कुणीतरी एलएसयूच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०१९च्या हंगामाचा विषय काढतं आणि अर्धा तास थांबत नाही. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, आणि न कळताही समोरच्याचा चेहरा उजळलेला दिसतो. त्या गप्पांत सामील होता यावं म्हणून नवख्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं एका चाहत्याची आहेत, त्यामुळे जिथे मन जास्त गुंतलं तिथे उत्तर लांबलं आहे.

एलएसयू म्हणजे काय आणि जो बरो कोण?

एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. राज्याच्या राजधानीत, बॅटन रूजला, मिसिसिपी नदीच्या काठी. जो बरो २०१८ आणि २०१९ या दोन हंगामांत तिथल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता, जर्सी ९ नंबरची. दुसऱ्या हंगामात संघाने १५ पैकी १५ सामने जिंकले, राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं आणि बरोला हाइजमन ट्रॉफी मिळाली. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून मोठा वैयक्तिक मान नाही. पुढे २०२०च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीत, सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला सगळ्यांत पहिला निवडला.

मला अमेरिकन फुटबॉल कळत नाही. या आठवणी समजायला किती कळायला हवं?

फार नाही. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि वर एक किंवा दोन गुण मिळवायची एक संधी. प्रत्येक डाव सुरू होताना चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि पुढचे दोन-तीन सेकंद सगळं त्याच्यावर असतं. कुणाकडे फेकायचा (म्हणजे पास), धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतःच पळायचं हे त्याने ठरवायचं, आणि ते ठरवत असताना सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला झेपावत असतात. तिसऱ्या डाउनला पुष्कळ यार्ड बाकी असले की परिस्थिती बिकट समजतात, कारण चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब टोलवून समोरच्याला द्यावा लागतो. एवढं पुरे.

कॉलेजच्या संघावर माणसं एवढी जीव का टाकतात?

लुइझियानात न्यू ऑर्लिन्स सेंट्स हा व्यावसायिक संघ आहे, त्याच्यावरही लोकांचं प्रेम आहे. पण शनिवार एलएसयूचा. टायगर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि मोठे सामने रात्रीचे असतात. १९८८ साली ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटांत टचडाउन झाला तेव्हा असा गलका उठला की विद्यापीठाच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. रस्त्यापलीकडे माइक नावाचा खराखुरा वाघ राहतो, सामन्याआधी मुलं त्याला बघायला रांगा लावतात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्याच जागांवर वर्षानुवर्षं बसत आले आहेत.

या प्रेमात एक जुनी सलही होती. संघाने २००३ आणि २००७ची विजेतेपदं जिंकली होती, बचावफळी देशात नावाजलेली होती, पण क्वार्टरबॅकच्या बाबतीत नशीब नेहमी हात आखडता घ्यायचं. जानेवारी २०१२च्या अंतिम सामन्यात अलाबामा विद्यापीठाने एलएसयूला २१-० हरवलं, तेही न्यू ऑर्लिन्समध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर. एक गुणही नाही. बरोवरच्या प्रेमाचं मूळ त्या शून्यात आहे असं मला वाटतं.

ओहायोत वाढलेला मुलगा लुइझियानात कसा पोचला?

बरो ओहायोच्या आग्नेयेला, अथेन्स काउंटीत वाढला. वडील जिमी बरो तिथल्या ओहायो युनिव्हर्सिटीत बचावाचे प्रशिक्षक होते. शाळेत जो राज्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि साहजिकच ओहायो स्टेट या बलाढ्य संघात गेला. तिथे तीन वर्षं तो बहुतेक बाकावरच बसला. २०१७चा हंगाम तोंडावर असताना सरावात त्याचा हात मोडला आणि राखीव खेळाडूंच्या रांगेत दुसरा मुलगा त्याच्या पुढे गेला. त्याने अभ्यास पूर्ण करून पदवी हातात घेतली. पदवीधर खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळण्याची मुभा होती, तिचा फायदा घेऊन मे २०१८मध्ये तो एलएसयूत आला.

तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन हे लुइझियानाच्या दलदलीच्या भागातले, लरोझ गावचे, घोगऱ्या आवाजाचे केजन गृहस्थ. फ्रेंच मुळांचे हे केजन लोक, त्यांचं खाणं, त्यांची बोली यात राज्याचा दक्षिण भाग मुरलेला आहे. तिथे हा कमी बोलणारा उत्तरेकडचा पोरगा येऊन पडला. एक योगायोग जाता जाता सांगतो: एलएसयूचा तोपर्यंतचा एकमेव हाइजमन विजेता बिली कॅनन, १९५९चा, त्याच मे महिन्यात वारला.

२०१८च्या हंगामातलं लोकांना काय आठवतं?

आकडे नाही आठवत, मार खाल्लेला आठवतो. त्या वर्षी संघ दहा सामने जिंकला, तीन हरला. जॉर्जियाला घरच्या मैदानावर ३६-१६ हरवलं तेव्हा प्रेक्षक मैदानात उतरले. पण अलाबामाने पुन्हा २९-० धुतलं. टेक्सास ए अँड एमविरुद्धचा सामना बरोबरी सुटेना म्हणून सात जादा डावांपर्यंत लांबला आणि एलएसयू ७४-७२ असा हरला. त्या रात्रीचा बरो अंगातलं पाणी आटेपर्यंत खेळला.

खरी आठवण १ जानेवारी २०१९ची, अ‍ॅरिझोनातल्या फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या सामन्याची. समोर यूसीएफ, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा, सलग २५ सामने जिंकलेला संघ. बरोचा एक पास त्यांनी मधेच पकडला आणि ९३ यार्ड पळत टचडाउन केला. चेंडू मागे चालला असताना त्यांच्या एका गड्याने बरोला असा जबर धक्का दिला की तो जमिनीवर पडून राहिला. संघ १४-३ मागे. घरी बसलेल्यांनी गृहीत धरलं की हा आता बाहेर. तो उठला, पुढच्या वेळी पुन्हा मैदानात आला आणि ३९४ यार्डांचे पास व चार टचडाउन करून सामना ४०-३२ जिंकून दिला.

चाहत्यांना विचारा, बरो आपला कधी झाला? बरेच जण अलाबामाचं किंवा विजेतेपदाचं नाव घेणार नाहीत, हीच संध्याकाळ सांगतील. मीही तेच सांगेन.

मग एका वर्षात एवढा फरक कशामुळे पडला?

तीन गोष्टी जुळून आल्या. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक आला आणि त्याने स्टीव्ह एन्समिंगर या मुरलेल्या आक्रमण-प्रशिक्षकाबरोबर नवी पद्धत बसवली: चेंडू पकडायला एकाच वेळी चार-पाच जण मैदानभर पसरवायचे आणि निर्णय क्वार्टरबॅकवर सोडायचा. दुसरी गोष्ट, पकडणारे तसेच होते. जमार चेस, जस्टिन जेफरसन, टेरेस मार्शल, आणि शेजारी धावणारा बॅटन रूजचाच क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर. तिसरी गोष्ट खुद्द बरो. समोरचा बचाव कुठून येणार हे चेंडू हातात येण्याआधीच ओळखायची त्याची हातोटी प्रशिक्षकाच्या घरात वाढल्याने आलेली होती.

फ्लोरिडाविरुद्ध त्याने २४ पास फेकले, त्यातले २१ बरोबर हातात पडले, तीन टचडाउन झाले. म्हणजे चुकलेले पास जितके, तितकेच टचडाउन.

‘थर्ड अँड सेव्हन्टीन’ असं लोक म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, टेक्सास विद्यापीठाचं मैदान. हंगामाचा दुसराच सामना. एलएसयू ३७-३१ पुढे, घड्याळात साधारण अडीच मिनिटं उरलेली. तिसरा डाउन, सतरा यार्ड बाकी, चेंडू स्वतःच्याच ३९ यार्डांच्या रेषेवर. टेक्साससाठी एक टचडाउन आणि वरचा एक गुण म्हणजे विजय, आणि त्यांना थांबवणं त्या संध्याकाळी एलएसयूच्या बचावाला जमत नव्हतं.

यापूर्वीचा कुठलाही एलएसयू संघ असता तर चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिला असता, वेळ खाल्ला असता आणि चौथ्या डाउनला टोलवून बचावाच्या भरवशावर बसला असता. आम्ही वर्षानुवर्षं तेच बघत आलो होतो. या वेळी पास ठरला. टेक्सासने एकदम जास्तीचे गडी अंगावर सोडले. आता एक गोष्ट चित्रफीत थांबवून नीट बघा: बरो मागे पळत नाही. तो डावीकडे सरकत पुढे येतो, झेपावणाऱ्यांच्या फटीत शिरतो, पाय नीट रोवायला जागा नसताना चालत्या पायांनी चेंडू सोडतो आणि लगेच आडवा होतो. चेंडू जेफरसनच्या हातात पडतो, तो एका बचावपटूला चुकवून थेट टोकाला पोचतो. ६१ यार्ड, टचडाउन. वर दोन गुणांचा प्रयत्नही चेसने पूर्ण केला. ४५-३१. टेक्सासने आणखी एक केला, सामना ४५-३८वर संपला. बरोचे त्या दिवशी ४७१ यार्डांचे पास.

या संघाचा स्वभाव बदलला आहे हे लुइझियानाला त्या एका खेळीत कळलं. नंतरचं सगळं तिथून सुरू होतं.

अलाबामाच्या सामन्याचं एवढं काय?

आठ वर्षं. नोव्हेंबर २०११मध्ये एलएसयूने अलाबामाला ९-६ हरवलं होतं, त्यानंतर सलग आठ सामने अलाबामाने जिंकले. दरवर्षी नोव्हेंबर आला की आशा वाटायची आणि दरवर्षी तोंड कडू व्हायचं.

९ नोव्हेंबर २०१९, टस्कलूसा, म्हणजे त्यांचं मैदान. दोन्ही संघ अपराजित, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प प्रेक्षकांत. मध्यंतराला एलएसयू ३३-१३ पुढे. एवढी आघाडी बघूनही आमच्यापैकी कुणी सैल बसलं नव्हतं, आणि बरोबरच होतं ते, कारण अलाबामा ३३-२७ पर्यंत आला. इथे जुना एलएसयू कोसळला असता. बरोने प्रत्येक वेळी उत्तर दिलं: पास अडला तर पळाला, पळता येईना तर एडवर्ड्स-हेलेअरच्या हातात दिला, आणि तो बुटका, दणकट गडी तिघाचौघांना अंगावर घेऊन पुढे सरकला. शेवट ४६-४१. बरोचे ३९ पैकी ३१ पास यशस्वी, ३९३ यार्ड.

सोबत्यांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं तो फोटो बॅटन रूजमधल्या कितीतरी घरांत, दुकानांत लावलेला आहे. विजेतेपदाचा फोटो बाजूला आणि हा मधोमध, असंही दिसतं. नवख्याला ते उलटं वाटेल. आठ वर्षं सोसलेल्याला वाटत नाही.

जर्सीवर नाव वेगळं लिहिलं होतं म्हणतात. ते का?

३० नोव्हेंबर २०१९, घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना सामन्याआधी एकेक करून मैदानात बोलावतात, आईवडील भेटतात. बरो पळत आला तो पाठीवर आपलं आडनाव केजन थाटात लिहून: शेवटी ‘ईएयूएक्स’ ही चार अक्षरं लावून. लुइझियानातली फ्रेंच आडनावं अशी संपतात, आणि ‘गो टायगर्स’ ही आरोळीसुद्धा तिथे अशाच अक्षरांनी लिहितात. बाहेर ऑर्जरॉन उभे होते, त्यांनी त्याला मिठी मारली. ओळख झाल्यावर जर्सी बदलून तो खेळला आणि ज्या टेक्सास ए अँड एमने आदल्या वर्षी सात जादा डावांत रडवलं होतं त्यांना ५०-७ हरवलं.

लाखभर लोकांना त्या पाठीवरच्या अक्षरांनी भरून आलं. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पहिली तीन वर्षं कुणी खेळवलं नव्हतं, या राज्याने खेळवलं, आणि त्याने जाताना राज्याचं नाव अंगावर घातलं. या हंगामातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच, आणि त्यात चेंडू कुठेच नाही.

हाइजमनच्या भाषणात तो रडला, ते नेमकं काय बोलला?

१४ डिसेंबर २०१९, न्यू यॉर्क. मतांच्या फरकाचा तोवरचा विक्रम मोडून तो जिंकला होता. व्यासपीठावर आल्यावर बराच वेळ त्याला बोलताच येईना. मग सोबत्यांचे, विशेषतः त्याचं रक्षण करणाऱ्या फळीचे आभार मानले. ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांचेही मानले, मनात अढी न ठेवता. ऑर्जरॉनकडे वळून म्हणाला की मी तीन वर्षं खेळलो नव्हतो, मला खेळता येतं की नाही हे माहीत नसताना तुम्ही मला संधी दिलीत. यांना आजन्म करार द्या, असंही सांगितलं. समोर बसलेले ऑर्जरॉन डोळे पुसत होते.

आणि मग अथेन्स काउंटीचा विषय काढला. आमचा भाग फार गरीब आहे, गरिबीचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे, तिथल्या ज्या मुलांना शाळेतून घरी गेल्यावर ताटात फारसं काही मिळत नाही त्यांच्यासाठी मी इथे उभा आहे, तुम्हीही इथे पोचू शकता, असा त्याचा आशय. तीस सेकंदांचं बोलणं असेल नसेल. त्यानंतर अथेन्स काउंटीच्या अन्नवाटप केंद्रासाठी लोकांनी आपणहून निधी उभारायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत पाच लाख डॉलरहून अधिक जमले. देणाऱ्यांत लुइझियानाची माणसं खूप होती, ज्यांनी ते गाव नकाशावरही पाहिलं नव्हतं.

ओक्लाहोमाविरुद्धचा सामना आनंदाचा की दुःखाचा?

दोन्ही, आणि ते वेगळं करता येत नाही. २८ डिसेंबरला अटलांटात उपांत्य सामना होता. त्याच सकाळी लुइझियानात लाफायेटजवळ एक छोटं विमान पडलं. त्यात एन्समिंगर यांची सून होती, क्रीडा पत्रकार, सामन्यालाच निघालेली. एन्समिंगर यांना मैदानावर ही बातमी कळली आणि तरी ते वर आपल्या जागेवर जाऊन बसले. बरोने मध्यंतरापर्यंतच सात टचडाउन पास फेकले, त्यातले चार जेफरसनकडे. शेवटी ६३-२८. लोक त्या सात टचडाउनचं बोलायला लागतात आणि बोलता बोलता एन्समिंगर यांच्यापाशी थांबतात.

अंतिम सामना भारतात कुणी पाहिला असेल का?

पाहिला असेल तर सकाळी. १३ जानेवारी २०२०ला संध्याकाळी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सामना सुरू झाला तेव्हा भारतात १४ तारखेचे पावणेसात वाजत होते, भोगीचा दिवस. जागा तीच होती जिथे आठ वर्षांपूर्वी शून्यावर हार झाली होती. समोर क्लेमसन विद्यापीठ, सलग २९ सामने जिंकून आलेलं, आणि सामन्याच्या दुसऱ्या चतुर्थांशात १७-७ पुढे. मग मध्यंतराच्या आत एलएसयूचे लागोपाठ तीन टचडाउन, त्यातला एक बरो स्वतः पळून. त्याच्या बरगडीला मार बसला होता, तरी दुसऱ्या अर्धात थांबला नाही. ४२-२५. ४६३ यार्ड, पाच टचडाउन पास. नंतर कपडे बदलायच्या खोलीत पाय पसरून सिगार ओढतानाचा त्याचा फोटो देशभर गेला.

त्याचे विक्रम अजून टिकून आहेत का?

सगळे नाहीत. २०१९मध्ये त्याचे ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन पास झाले, फक्त ६ पास समोरच्यांनी पकडले. साठचा आकडा २०२१मध्ये वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ करून मागे टाकला. चाहत्यांना याचं फारसं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

ओहायोची माणसं त्याला आपला मानतात की लुइझियानाची?

दोघंही, आणि भांडण होत नाही. अथेन्सच्या शाळेच्या मैदानाला २०१९च्या डिसेंबरमध्येच त्याचं नाव दिलं गेलं. व्यावसायिक खेळायला तो परत ओहायोतच गेला आणि २०२१मध्ये जमार चेसही त्याच संघात आला. त्या हंगामाअखेर हे दोघे सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले, तेव्हा बॅटन रूजमध्ये सिनसिनाटीच्या नारिंगी पट्ट्यांच्या टोप्या घातलेली माणसं रस्त्यात दिसायची.

मी पहिल्यांदाच बघणार आहे. कुठून सुरुवात करू?

फिएस्टा बोलमधला तो धक्का आणि त्यानंतरचा बरो आधी बघा. मग टेक्सास सामन्याचा शेवटचा चतुर्थांश, मग घरच्या मैदानावरचं ते जर्सीचं आगमन, मग हाइजमनचं भाषण संपूर्ण. अलाबामाचा सामना मात्र तुकड्यांत बघू नका. सलग तीन-चार तास काढा, आणि जमलं तर एलएसयूच्या एखाद्या जुन्या चाहत्याला घरी बोलावून त्याच्याबरोबर बघा. तो प्रत्येक खेळी आधीच सांगून टाकेल, त्याला अडवू नका.